टोयोटा मोटारीचा पूर्ववृत्तान्त व ती बाळगणाऱ्यांचे अनुभव

'तोयोदा' या जपानी आडनांवाचा अर्थ 'सुपीक भातशेत' असा आहे. आमच्या तालुक्याच्या रस्त्यांवर आज ज्या मोटारी लग्नाचें वऱ्हाड, आजारी माणूस आणि निवडणुकीचे उमेदवार या तिघांनाही सारख्याच निमूटपणें वाहून नेतात, त्यांचें नांव मुळांत एका भाताच्या खाचराचें आहे, ही गोष्ट आमच्या शेतकरी वाचकांस मौजेची वाटेल. पुढें 'तोयोदा' याचें 'टोयोटा' कसें झालें तेंही येथेंच सांगून टाकूं. १९३६ सालीं कारखान्यानें मोटारीच्या बोधचिन्हासाठीं लोकांकडून सूचना मागविल्या. सुमारे २७,००० सूचना आल्या. त्या निमित्तानें शेवटचें अक्षर बदलण्यांत आलें. नवें नांव जपानी कताकाना लिपींत आठ फटकाऱ्यांनीं लिहितां येतें, आणि आठ हा अंक तिकडे भरभराटीचा मानतात. मुहूर्त व अंक पाहण्याची हौस एकट्या आपल्याच देशांत आहे असें नव्हे.

या घराण्याचा मूळपुरुष साकिची तोयोदा. याचा जन्म १८६७ सालीं आजच्या शिझुओका प्रांतांतील एका खेड्यांत झाला. बाप सुताराचा धंदा करी व जोडीस शेती. त्या भागांत घरोघरीं बायका हातमागावर सुती कापड विणीत. तें कष्टाचें काम पाहून साकिचीनें लांकडी मागांत सुधारणा करण्याचा ध्यास घेतला व १८९१ सालीं त्यास पहिला हक्कनामा मिळाला. १८९६ सालीं त्यानें यंत्रशक्तीवर चालणारा माग तयार केला. त्याचें वैशिष्ट्य असें कीं, आडवा धागा तुटला किंवा संपला म्हणजे माग आपोआप थांबे. वाईट कापड वारभर विणलें गेल्यावर मग उसवीत बसण्यापेक्षां दोष उत्पन्न होतांच काम थांबवावें, एवढीच ती कल्पना. परंतु पुढील सर्व इमारत या एका पायावर उभी राहिली आहे, म्हणून वाचकांनीं ती ध्यानांत ठेवावी. १९२४ सालीं त्याचा पूर्ण स्वयंचलित माग सिद्ध झाला. त्यांत धोटा बदलण्यासाठींही यंत्र थांबवावें लागत नसे, आणि एक कामगार तीसहून अधिक माग सांभाळूं शके.

येथें आमच्या कापूस पिकविणाऱ्या वाचकांचा संबंध येतो. जपानांत कापूस फारसा पिकत नाही. तेथील गिरण्यांचें पोट बऱ्याच अंशीं हिंदुस्थानच्या कापसावर भरे. १८९३ सालीं एका जपानी जहाज कंपनीनें मुंबईची फेरी सुरू केली ती मुख्यतः कापूस नेण्यासाठींच. पुढें १९३३ सालीं जपानी कापडावरील जकात येथें वाढतांच तिकडील गिरणीवाल्यांनीं आपला कापूस घेणें बंद केलें, आणि १९३४ च्या कराराअन्वयें, त्यांनीं इतका कापूस घ्यावा तर इतकें कापड येथें येऊं द्यावें, असा सौदा ठरला. सरकी काढलेल्या आमच्या गांठी बंदरावर जात व कापड होऊन परत येत. मधला नफा ज्यानें माग केला त्याच्या पदरीं. हें शल्य जुनें आहे, व आमच्या मतें तें आजही पुरतें गेलेलें नाहीं.

१९२९ सालीं इंग्लंडांतील ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीनें साकिचीच्या मागाचे हक्क १,००,००० पौंडांस घेण्याचा करार केला. ज्या लँकेशायरनें जगास कापड विणावयास शिकविलें, त्यानेंच एका जपानी सुताराच्या मुलाकडून माग विकत घ्यावा, हा काळाचा महिमा होय. हा पैसा मोटारीच्या प्रयोगांत घाल, असें बापानें मुलास सांगितल्याचें तिकडे सांगतात. साकिची १९३० सालीं वारला. मुलगा किइचिरो यानें १९३३ सालीं मागाच्या कारखान्यांतच मोटारीचें खातें उघडलें. १९३५ सालीं त्याची पहिली मालमोटार व १९३६ सालीं पहिली बैठी मोटार निघाली. पहिल्या मालमोटारी वारंवार बंद पडत, आणि कारखान्याचे लोक रस्त्यांत जाऊन त्या दुरुस्त करून देत. फोर्ड व जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्या त्या वेळीं जपानांतच मोटारी जुळवीत असत. १९३६ च्या कायद्यानें सरकारनें त्यांचे हात बांधले, म्हणून या नव्या रोपास ऊन लागलें नाहीं. सरकारी कुंपणावांचून हें झाड वाढलें असतें कीं नाहीं याचा आम्हांस संशय आहे. टोयोटा मोटार कंपनी स्वतंत्रपणें २८ ऑगस्ट १९३७ रोजीं स्थापन झाली. कारखान्यासाठीं कोरोमो नांवाचें गांव निवडलें. तें रेशमाच्या कोशांच्या व्यापाराचें ठिकाण, व तो व्यापार बसत चालल्यानें गांव नव्या धंद्याची वाट पाहत होतें. १९५९ सालीं त्या गांवानें आपलें नांवच बदलून टोयोटा असें केलें.

महायुद्धानंतर कंपनी बुडण्याच्या बेतांत आली. १९५० सालीं बँकांनीं कर्ज दिलें तें माणसें कमी करण्याच्या अटीवर. संप झाला, सुमारे दीड हजारांहून अधिक कामगार गेले, आणि किइचिरोनें स्वतः जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्याच महिन्यांत कोरियाचें युद्ध पेटलें व अमेरिकन सैन्याच्या मालमोटारींच्या मागण्यांनीं कारखाना तरला. किइचिरो मात्र १९५२ सालीं, वयाच्या ५७ व्या वर्षीं वारला. भरभराट त्यास दिसली नाहीं.

पुढें ताइइची ओनो नांवाच्या अधिकाऱ्यानें दोन गोष्टी कसोशीनें अमलांत आणल्या. पहिली, जो भाग ज्या वेळीं लागेल तेव्हांच व तेवढाच मागवावा, कोठारांत पैसा कुजवूं नये. दुसरी ती मागाचीच: दोष दिसतांच कोणत्याही कामगारानें डोक्यावरील दोरी ओढावी व गरज पडल्यास सबंध रांग थांबवावी. आम्ही तीस वर्षें कचेरींत काढलीं. खालच्या कारकुनानें चूक दाखविली म्हणून वरचें काम थांबलें, असा प्रसंग आम्हीं तेथें एकदांही पाहिला नाहीं.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. १९९७ सालीं या कंपनीनें हिंदुस्थानांत भागीदार घेतला तो किर्लोस्कर. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवास सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर बनविला. सबंध लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते अशी तेव्हां शेतकऱ्यांची समजूत असल्यानें पहिले नांगर खपतांना नाकीं नऊ आले. बेळगांवच्या नगरपालिकेस कारखान्याची जागा हवी झाली, तेव्हां औंधच्या राजेसाहेबांनीं जमीन दिली, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. एकाचा आरंभ माग, दुसऱ्याचा नांगर! १९९५ सालीं दोघांनीं आधीं सूत कातण्याच्या यंत्रांचा कारखाना काढला होता. मोटारीचा त्यानंतर, बंगळूरजवळ बिडदी येथें. लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर हे २०२२ सालीं निधन पावेपर्यंत त्याचे उपाध्यक्ष होते. जुलै २०२४ मध्यें छत्रपति संभाजीनगर येथें सुमारे २०,००० कोटि रुपयांच्या नव्या कारखान्यासाठीं कंपनीनें महाराष्ट्र सरकारशीं सामंजस्य करार केला. त्या बाजूच्या बिडकीन भागांतील जमिनींचें संपादन औद्योगिक पट्ट्यासाठीं त्यापूर्वींच झालेलें होतें. मोबदल्याच्या पैशाचें काय होतें तें आम्हीं फेरफाराच्या नोंदवहींत व गांवच्या चावडीवर, दोन्हीकडे पाहिलें आहे. ज्यांनीं दुसरीकडे पाण्याखालचें रान घेतलें ते टिकले. ज्यांनीं प्रथम मोटार घेतली, त्यांची मोटार जमिनीनंतर फार दिवस राहिली नाहीं.

जानेवारी २००० मध्यें येथें आलेली पहिली गाडी क्वालिस. इंडोनेशियांत 'किजांग' नांवाची जी घरगुती व मालवाहू मिश्र मोटार १९७७ पासून चालत होती, तिची ही बहीण. दिसावयास पेटीसारखी; रूपाची स्तुति करणारा मनुष्य आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं. २००५ सालीं ती बंद करून इनोव्हा आणली, २०१६ सालीं क्रिस्टा आली, व २०२२ च्या अखेरीस हायक्रॉस. पहिल्या तिन्ही गाड्या मजबूत सांगाड्यावर बसविलेल्या व मागल्या चाकांनीं ओढल्या जाणाऱ्या. हायक्रॉसची घडण निराळी आहे. तिला वेगळा सांगाडा नाहीं, ओढ पुढच्या चाकांची आहे, व कांहीं प्रकारांत पेट्रोलच्या यंत्रास विजेच्या मोटारीची जोड आहे.

आमच्या परिचयाच्या एका ऊस बागायतदारांनीं २००२ सालीं क्वालिस घेतली. घरचीं नऊ माणसें, पंढरीची वारी, खताचीं पोतीं आणि पहाटे दुधाच्या किटल्या, सर्व कामें त्या एका गाडीनें पंधरा वर्षें केलीं. यंत्र एकदांही उघडावें लागलें नाहीं असें ते अभिमानानें सांगतात. त्यांचा नियम एकच: तेल व गाळणी ठरल्या किलोमीटरांस बदलावयाची, मग उसाचें बिल आलेलें असो वा नसो. याउलट त्यांच्याच भावकींतील एकानें यंत्रांतील दांतेरी पट्टा बदलण्याचें 'पुढच्या हंगामांत पाहूं' म्हणून टाळलें. हा पट्टा तुटला म्हणजे आंतील झडपा व दट्टे एकमेकांवर आदळतात. सबंध यंत्र खोलावें लागून त्यांस एका बैलजोडीच्या किमतीहून अधिक भुर्दंड पडला. गाडीच्या पुस्तकांत पट्टा किती किलोमीटरांस बदलावा तें छापलेलें असतें. तें पुस्तक बहुतेकांच्या घरीं प्लॅस्टिकच्या पिशवींत जसेंच्या तसें असतें.

एका द्राक्ष बागायतदारांच्या डिझेलच्या इनोव्हानें तीन लाख किलोमीटर पुरे केले आहेत. लांबच्या प्रवासांत कंबर दुखत नाहीं, हा त्यांच्या वृद्ध मातोश्रींचा अभिप्राय आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. परंतु पावसाळ्यांत काळ्या रानाच्या वाटेनें ती नेऊं नये, असें ते बजावून सांगतात. मागलीं चाकें जागींच फिरतात व मग ट्रॅक्टरला दोर बांधावा लागतो. हायक्रॉसवाल्या एका गृहस्थांची तक्रार उंदरांविषयीं आहे. धान्याच्या गोडाऊनशेजारीं गाडी ठेवल्यानें तारा कुरतडल्या गेल्या. नव्या गाड्यांत तारांचें जाळें फार, म्हणून हें दुखणें महाग पडतें.

कंपनीच्या नांवावर सर्वच उजेड आहे असें मात्र नाहीं. २००९-१० सालीं पायाखालची चटई व अडकणारें पेडल यांमुळें गाड्या अनावर होण्याच्या तक्रारी अमेरिकेंत उठल्या, लक्षावधि गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि किइचिरोचा नातू अकिओ तोयोदा यास फेब्रुवारी २०१० मध्यें तेथील कायदेमंडळाच्या समितीपुढें उभें राहून क्षमा मागावी लागली. जानेवारी २०२४ मध्यें तर याहून चमत्कारिक गोष्ट उघड झाली. डिझेल यंत्रांच्या शक्तीच्या चाचणींत गैरप्रकार आढळला, आणि तो आढळला साकिचीच्या मूळ मागाच्या कारखान्यांत, जो आज यंत्रेंही बनवितो. आपल्याकडेही क्रिस्टा, फॉर्च्युनर व हायलक्स या गाड्यांची पाठवणी कांहीं दिवस थांबविण्यांत आली होती. धागा तुटल्यावर थांबणारा माग ज्या घरांत जन्मला, त्याच घरांत धागा तुटलेला असतां काम वर्षानुवर्षें चालूं राहिलें.

आतां खर्चाचा विचार. हायक्रॉस आली तेव्हां तिची किंमत सुमारे १८ लाखांपासून २९ लाखांपर्यंत होती. समजा, १५ लाख कर्ज पांच वर्षांसाठीं साडेनऊ टक्क्यांनीं काढलें, तर दरमहा हप्ता साडेएकतीस हजारांच्या घरांत, म्हणजे वर्षास ३,७८,००० रुपये. एकरीं ४० टन ऊस व टनास ३,००० रुपये धरले, तर ठोक उत्पन्न १,२०,००० रुपये. निम्मा खर्च वजा जातां हातीं ६०,००० रुपये. म्हणजे सहा एकरांहून अधिक उसाचें निव्वळ उत्पन्न एकट्या हप्त्यास गेलें. डिझेल, विमा व टायर निराळे. दुसरी अडचण अधिक खोल आहे. हप्ता महिन्याच्या महिन्यास येतो, आणि आपला पैसा हंगामास, तोही कारखान्याच्या मर्जीनें. मोटारीच्या कर्जाचा बोजा गाडीच्या नोंदणीपुस्तकावर चढतो, सातबाऱ्यावर नव्हे, असें म्हणून पुष्कळ लोक निर्धास्त असतात. परंतु हप्ता थकूं नये म्हणून सोसायटीचें पीककर्ज तिकडे वळवितात, व मग तो बोजा मागल्या दारानें 'इतर हक्क' या रकान्यांत येऊन बसतो. अशा नोंदी आम्हीं स्वतःच्या हातानें लिहिल्या आहेत, आणि त्यांपैकीं कित्येकांखालीं बोजा कमी केल्याची नोंद करण्याचा योग आमच्या नोकरींत आला नाहीं. ज्याची गाडी मधल्या दिवसांत भाड्यानें चालते, किंवा ज्याच्या घरीं नोकरीचा पगार आहे, त्याचा हिशेब वेगळा.

म्हणूनच आमच्या भागांत जुन्या इनोव्हास नव्या गाड्यांपेक्षां अधिक गिऱ्हाईक आहे, व किंमतही सहसा पडत नाहीं. यांतच फसवणुकीस जागा होते. आमच्या शेजाऱ्यांस एका दलालानें 'अवघी ऐंशी हजार किलोमीटर चाललेली' म्हणून गाडी दाखविली. आम्हीं ब्रेकच्या पायटीचें रबर पाहिलें, तें पार गुळगुळीत झालेलें. चालकाच्या आसनाची कडा दबलेली. मग दुरुस्तीच्या जुन्या पावत्या मागितल्या, तेव्हां दलाल दुसऱ्या दिवशीं येतों म्हणून गेला तो आलाच नाहीं. पावत्यांवाचून सौदा करूं नये. गाडीवर कर्ज असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला व नमुना ३५ घेऊन बोजा आधीं उतरवून घ्यावा, आणि नमुना २९ व ३० भरून नांव आपल्याकडे बदलून आल्यावरच शेवटची रक्कम हातावर ठेवावी.