अब्रूचा दावा : न्यायालय नेमके काय तोलते?

लोकमान्य टिळकांच्या आयुष्यात बदनामीचे दोन मोठे खटले येतात. १८८२ साली ते आगरकरांसह आरोपीच्या पिंजऱ्यात होते. १९१९ साली लंडनच्या न्यायालयात ते स्वतः वादी होते. दोन्ही वेळा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. पहिला खटला आपल्याला डोंगरीच्या तुरुंगातील १०१ दिवसांमुळे आठवतो, दुसरा ‘असंतोषाचे जनक’ या बिरुदामुळे. पण हे दोन खटले कायद्याच्या दोन वेगळ्या घरांतले आहेत, ही गोष्ट चरित्रे वाचताना सहज निसटते. मी वकील नाही. जुनी कागदपत्रे वाचता वाचता कायद्याच्या वाटेला गेलेला माणूस आहे. त्या वाटेवर जे उमगले ते इथे मांडतो.

कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या नावावर खपवलेली काही पत्रे ‘केसरी’ आणि ‘मराठा’त छापली गेली, ती बनावट निघाली. तो खटला फौजदारी होता. फौजदारीत बदनामी हा गुन्हा ठरतो आणि शिक्षा होते ती कैदेची किंवा दंडाची. दिवाणी दाव्यात तुरुंग नसतो. तिथे प्रश्न एवढाच, की एकाने दुसऱ्याचे जे नुकसान केले ते पैशाने कसे भरून द्यायचे. करार मोडलेला नाही, तरीही कायद्याने राखलेल्या हक्काला धक्का लागला आहे, अशा कृत्याला ‘अपकृत्य’ म्हणतात. इंग्रजीतला ‘टॉर्ट’ तो हाच. आपल्याकडे दिवाणी बदनामीचा स्वतंत्र कायदा केलेला नाही. इंग्लंडच्या न्यायालयीन परंपरेतून आलेली तत्त्वे आणि आपल्या न्यायालयांचे निवाडे यांवरच तो उभा आहे.

अपकृत्यांतला एक गट हेतुपुरस्सर केलेल्यांचा. एखाद्याला मारणे, अंगावर धावून जाऊन धाक घालणे, बेकायदा डांबून ठेवणे ही त्याची उदाहरणे. यात अंगावर ओरखडा उठलाच पाहिजे असे नाही. जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना पोलिसांनी बेकायदा अडकवून विधानसभेत जाऊ दिले नाही, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली त्यांना ५०,००० रुपये भरपाई देवविली. ती घटनात्मक याचिका होती, दिवाणी दावा नव्हे. पण तत्त्व तेच : स्वातंत्र्य हिरावणे हीच इजा.

बदनामीची गणना पुष्कळदा याच गटात होते, पण तिची चाल वेगळी आहे. वादीला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : मजकुराने समंजस माणसांच्या नजरेत त्याची किंमत उतरते, तो मजकूर त्याच्याविषयीच आहे, आणि तो तिसऱ्या कोणापर्यंत पोहोचला आहे. बंद पाकिटातून थेट त्यालाच लिहिलेल्या शिव्या त्याने एकट्याने वाचल्या, तर मन दुखावेल, पण दिवाणी बदनामी होणार नाही. या तिन्हींत ‘हेतू’ कुठेच नाही. सप्टेंबर २००८ मध्ये ‘टाइम्स नाऊ’ने एका घोटाळ्याच्या बातमीत नामसाधर्म्यामुळे सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र दाखवले. ते पडद्यावर होते जेमतेम १५ सेकंद. चूक होती, आकस नव्हता; तरी २०११ साली पुण्याच्या न्यायालयाने १०० कोटी रुपयांचा हुकूमनामा केला. त्याला स्थगिती हवी तर २० कोटी जमा करा आणि ८० कोटींची बँक हमी द्या, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

प्रतिवादीची मोठी ढाल म्हणजे सत्य. फौजदारीत नुसते सत्य पुरत नाही. ते सांगणे लोकहिताचे होते, हेही दाखवावे लागते. दिवाणीत मात्र सत्य एकटेच पुरते. कारण उघड आहे : जी अब्रू खऱ्या अर्थाने कमावलीच नव्हती, तिच्या नुकसानीचे पैसे कसे मागणार? पण सिद्ध करण्याचा भार लिहिणाऱ्यावर असतो. मुंबईत १८६२ साली गाजलेला ‘महाराज लायबल केस’ हा याचा नमुना. ‘सत्यप्रकाश’चे करसनदास मुळजी यांच्यावर जदुनाथजी महाराजांनी ५०,००० रुपयांचा दावा लावला. करसनदासांनी लेख मागे घेतला नाही. साक्षीदार उभे केले. त्यांत डॉ. भाऊ दाजी लाडही होते. लेखातले आरोप खरे आहेत, हा बचाव न्यायालयाने उचलून धरला.

हीच ढाल वादीवर कशी उलटते, ते टिळकांच्या दुसऱ्या खटल्यात दिसते. व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० च्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात टिळकांवर हिंसेला चिथावणी दिल्याचे आरोप केले, ताईमहाराज प्रकरणातही त्यांच्यावर शिंतोडे उडवले. ताईमहाराज प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १९१५ सालीच टिळकांच्या बाजूने निकाल दिला होता, त्यामुळे दाव्याला आधार होता. परंतु ‘लिहिले ते खरे आहे’ असा बचाव आला, की तपासणी पुस्तकाची राहत नाही, वादीच्या आयुष्याची होते. चिरोल यांचे वकील एडवर्ड कार्सन यांनी टिळकांची उलटतपासणी घेतली. ‘केसरी’तले जुने लेख आणि राजद्रोहाच्या शिक्षा लंडनच्या ज्यूरीपुढे मांडल्या गेल्या. ज्यूरीने कौल चिरोल यांना दिला. खर्चाचा डोंगर टिळकांवर आला आणि तो उतरवायला इथल्या लोकांना निधी गोळा करावा लागला. ज्या अब्रूला पुण्यात तोड नव्हती, तिचे वजन लंडनच्या बारा माणसांनी आपल्या काट्यावर केले होते.

आता पैशाकडे येऊ. भरपाई नाममात्र असते, प्रत्यक्ष हानीइतकी असते, प्रतिवादीच्या उद्दाम वागण्यामुळे वाढीव असते आणि क्वचित जरब बसवणारीही असते. आणखी एक प्रकार आहे, तिरस्काराचा : तू जिंकलास, पण दावा आणायला नको होतास. १८७८ साली चित्रकार व्हिसलर यांनी समीक्षक रस्किन यांच्यावर १,००० पौंडांचा दावा जिंकला. मिळाले काय? एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. खर्चही मिळाला नाही, आणि पुढच्याच वर्षी व्हिसलर यांचे दिवाळे निघाले. एकीकडे फार्दिंग, दुसरीकडे १०० कोटी. अब्रूला बाजारभाव नसल्याने हे अंतर कायमच राहणार.

हे सगळे शिकण्याची गरज मला पडली ती एका नोटिशीमुळे. आमच्या भागातल्या एका जुन्या सावकारी पेढीवर, गहाणखतांच्या आधारे, मी एका स्मरणिकेत लेख लिहिला. घराण्याच्या वारसांनी वकिलामार्फत कळवले : पणजोबांची बदनामी झाली, लेख मागे घ्या, पाच लाख द्या. पण दिवाणी कायद्यात अब्रू वारशाने मिळत नाही. मृत व्यक्तीच्या बदनामीचा दावा वारसांना लावता येत नाही. जिवंतपणी लावलेला दावाही, निकालाआधी वादी वारला तर, बहुधा त्याच्याबरोबरच संपतो. जिवंत माणसालाही मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत दावा लावावा लागतो. फौजदारीची वाट निराळी : नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृताची बदनामी केली, तर तो गुन्हा ठरू शकतो. मी दस्तांच्या नकला जोडून उत्तर पाठवले. दावा आला नाही. मात्र लेखाचा उत्तरार्ध संपादकांनी छापला नाही.

त्यांना दोष देत नाही. छोट्या नियतकालिकाला वकिलाची फीसुद्धा जड असते. पण न्यायालयाने जे केले नसते, ते एका कागदाने केले, आणि तालुक्याच्या इतिहासातली चार पाने अंधारात राहिली. गावोगावी दस्तऐवज धुंडाळणाऱ्यांनी म्हणून एवढे पक्के ध्यानात ठेवावे : नोटीस म्हणजे समोरच्याची मागणी, हुकूमनामा नव्हे. जिवंत माणसाविषयी लिहिताना प्रत्येक वाक्यामागे पुरावा हवा, आणि तो छापण्याआधी हाताशी हवा. तसेच, अब्रूसाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्यानेही आपले सारे आयुष्य काट्यावर ठेवण्याची तयारी करून मगच चढावे.