बिडाचं धूड फोडायचं कसं?

बिडाचा तवा हातातून फरशीवर पडला की त्याचे दोन तुकडे होतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही स्वयंपाकघरात माहीत असतं. मग त्याच बिडाचा टनभर वजनाचा ठोकळा घणाचे शंभर घाव खाऊन तसाच कसा पडून राहतो? हा प्रश्न मी कुठल्या शोधनिबंधातून उचललेला नाही. तो मला मेढ्यातल्या एका भंगारवाल्याने विचारला. त्याच्याकडे बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या चरकाचे रोलर आणि जुन्या ऑइल इंजिनाचं फ्लायव्हील येऊन पडलं होतं. गॅस कटर लावून झाला होता, कटरवाला हात टेकून निघून गेला होता. फ्रॅक्चर मेकॅनिक्स शिकणाऱ्यांसाठी मला तरी यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही.

फोडायची गरजच काय, असं वाटेल. बीड वितळवायची जुनी भट्टी म्हणजे क्युपोला. तिच्या आतल्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा मोठा तुकडा आत टाकू नये, असा फाउंड्रीवाल्यांचा ठोकताळा आहे. मोठा तुकडा अडकतो, किंवा अर्धवट वितळून खाली येतो. म्हणजे ९०० मिलिमीटरच्या भट्टीला ३०० मिलिमीटरपर्यंतचेच तुकडे. त्यामुळे कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत अख्खा रोलर कुणी घेत नाही. ही अडचण आजची नाही. १९१० साली सुरू झालेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात बिडाचे नांगर ओतले जायचे. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या, ही हकीकत तुम्ही ऐकली असेल. तोफ मिळाली हे ठीक, पण ओतीव तोफेची भिंत म्हणजे बिडाचा चांगला जाड नळकांडा. तो भट्टीच्या तोंडात कसा घालायचा? (आज असा विचारही करू नका. शंभर वर्षांहून जुनी तोफ १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते.)

आता गॅस कटर का हरला ते बघू. आपण म्हणतो की गॅसने लोखंड ‘वितळवून’ कापतात. ते तितकंसं खरं नाही. पोलाद ऑक्सिजनच्या झोतात जळतं. साधारण ९०० अंशांना ते पेट घेतं, त्याचं ऑक्साइड १३७० अंशांच्या आसपास पातळ होऊन वाहून जातं, आणि पोलाद स्वतः १५०० अंशांपर्यंत घट्ट असतं. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ऑक्साइड पातळ होतं, धातू नंतर, म्हणून फट स्वच्छ पडते. बिडात दोन ते चार टक्के कार्बन असतो आणि त्यामुळे ते ११५० ते १२०० अंशांनाच वितळायला लागतं. क्रम उलटा झाला! धातूचा गोळा होतो, पण वरची ऑक्साइडची साय घट्टच राहते. त्यात सिलिकॉन जळून सिलिका होते, ती तर १७०० अंशांनाही दाद देत नाही. शिवाय ग्रॅफाइट जळून झालेला वायू ऑक्सिजनचा झोत अशुद्ध करतो. म्हणून कटरवाल्याला दोष देऊ नका. झोतात लोहभुकटी सोडली की जास्तीची उष्णता मिळते आणि बीडही कापता येतं. पोकळ नळीतून ऑक्सिजन सोडून ती नळीच पेटवतात, त्या ‘लान्स’नेही जाड बिडाला भोक पडतं. पण भंगाराच्या भावात हा खर्च क्वचितच परवडतो.

म्हणजे कापायचं नाही, फोडायचं. इथे दोन शब्दांची गल्लत होते: बळकटी आणि चिवटपणा. साधं करडं बीड, म्हणजे भारतीय मानकातलं एफजी २०० घ्या. ते ताणात २०० मेगापास्कल सहन करतं, दाबात त्याच्या तिप्पट-चौपट. बळकटी काही कमी नाही. पण त्यात ग्रॅफाइटच्या पातळ पापड्या विखुरलेल्या असतात आणि प्रत्येक पापडी ही एक तयार चीर असते. ग्रिफिथने १९२० च्या सुमारास काचेवर काम करून दाखवलं की वस्तू किती ताण सोसेल हे तिच्यातली चीर किती लांब आहे त्यावर ठरतं. बिडाचा चिवटपणा २० मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर धरू. पृष्ठभागावर १० मिलिमीटर खोल चीर असेल तर सूत्राने उत्तर येतं सुमारे १०० मेगापास्कल. म्हणजे एका बोटाच्या जाडीएवढ्या चिरेने ताकद निम्म्यावर आली! तव्याला फरशीवर असा ताण सहज मिळतो. जाड ठोकळ्याला घणाने मिळत नाही, कारण घाव वरून दाबात बसतो आणि त्याची ऊर्जा खालच्या मातीत जिरते. उंबरठ्याच्या खालचे शंभर घाव एकत्र मोजून काही होत नाही.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे ठोकळा जमिनीवरून उचलून दोन टोकांना भक्कम टेकू देणं. आता मधे वरून मार बसला की खालची बाजू ताणली जाते, आणि बीड ताणातच कच्चं असतं. खाच पाडायची तीही खालच्या, ताणाच्या बाजूला. मी पाहिलेले बरेच लोक ग्राइंडरने वरच्या बाजूला खाच पाडतात, कारण तिथे हात पोचतो. ती खाच दाबली जाते आणि मेहनत वाया जाते. ग्राइंडरची खाच खऱ्या चिरेइतकी टोकदार नसते, म्हणून तिच्या तळाशी छिन्नीचे चार घाव घालून बघा.

मग वजन. आठ किलोचा घण सेकंदाला आठ मीटरने आला तर ऊर्जा सुमारे २५० जूल. एक टनाचा गोळा सहा मीटरवरून सोडला तर ५९,००० जूल, म्हणजे दोनशे तीस घणांहून जास्त, तेही एकाच घावात. मोठ्या भंगार यार्डात क्रेनने गोळा सोडतात तो यासाठी.

क्रेन नसेल तर? खाणीत दगड फोडायला भोकात चुन्याची फुगणारी पूड भरतात, ती इथे चालेल का, असं मला दोघांनी विचारलंय. हिशेब करू. पूड ४० मेगापास्कल दाब देते असं धरा. भोक ३८ मिलिमीटरचं, दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर १०० मिलिमीटर. मधल्या ६२ मिलिमीटर पट्टीवर सरासरी ताण येतो साधारण २५ मेगापास्कल. आपल्या काळ्या दगडाला तो पुरतो, बिडाला नाही. पाणी मात्र चालतं. २५ मिलिमीटरचं आंधळं भोक पाडायचं, पाण्याने काठोकाठ भरायचं, त्यात घट्ट बसणारी पोलादी खुंटी ठेवायची आणि खुंटीवर वजन सोडायचं. जाड भिंतीत भोकाच्या कडेचा ताण जवळपास आतल्या दाबाइतकाच असतो. म्हणजे हवेत २०० मेगापास्कल, आणि एवढ्या खुंटीवर त्यासाठी लागतो दहा टनांचा जोर. दोनशे किलोचं वजन तीन मीटरवरून येऊन काही मिलिमीटरमध्ये थांबलं तर याच्या कित्येक पट जोर क्षणभर मिळतो. शिवाय चीर पडली की पाणी तिच्यात घुसून तिला पुढे ढकलतं. भोकात हवा राहिली तर मात्र ती स्प्रिंगसारखी दबते, ऊर्जा साठवते आणि खुंटी उलटी उडते.

तापवून पाणी ओतणं हा सगळ्यात जुना मार्ग. पृष्ठभाग एकदम २०० अंशांनी थंड झाला आणि आतलं बीड गरम राहिलं तर पृष्ठभागावर निदान २४० मेगापास्कलचा ताण येतो, म्हणजे कागदावर तडा नक्की. पण बिडातून उष्णता झपाट्याने पसरते. दहा सेकंदांत थंडावा बारा-पंधरा मिलिमीटर आत पोचतो आणि फरक विरतो. म्हणून नुसत्या पाण्याने ठोकळा दुभंगेल असं धरू नका. त्याचा उपयोग चीर सुरू करायला, पुढचं काम वजनाचं.

हे सगळं करड्या बिडाला लागू आहे. आलेला माल एसजी आयर्न असेल तर ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं, चिरा तयार नसतात, आणि गोळा टाकला तर माल वाकतो. हातोडीने ठोकून बघा: करडं बीड बद्द वाजतं, एसजी घंटेसारखं घुमतं. छोटा तुकडा निघाला तर ताज्या भंगावर बोट फिरवा, करड्या बिडाची काळी शाई बोटाला लागते.

फ्लायव्हीलच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट. पातळ आरे आधी थंड होतात, जाड कडं नंतर, त्यामुळे ओतल्यापासूनच त्यात ताण अडकलेले असतात. कडं कापताच ते सुटतात आणि तुकडा आपल्या अंदाजाच्या बाहेर उडू शकतो. म्हणून गोणपाट, जाळी, लांबून ओढायची दोरी, आणि बघे लोक दूर. पोकळ रोलर असेल तर दोन्ही टोकांच्या बुचांना आधी भोक पाडून आतली हवा-पाणी मोकळं करा. आत पाणी राहिलेला बंद रोलर तापवला तर तो रोलर राहत नाही, बॉम्ब होतो. मेढ्यातल्या त्या रोलरला अशी बुचं होती. भोक पाडल्यावर त्यातून तांबूस पाणी बराच वेळ गळत होतं.