रणगाडे ओढणारे रणगाडे

रणगाडा चिखलात रुतला तर त्याला बाहेर कोण काढतं? सिनेमा पाहताना हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण सिनेमातले रणगाडे रुततच नाहीत. खऱ्या लढाईत ते रुततात, त्यांचे पट्टे तुटतात, इंजिनं बंद पडतात, नाल्यात कलंडतात. तीस टनांचं धूड अरुंद वाटेत आडवं झालं की मागची सगळी रांग थांबते, आणि थांबलेली रांग म्हणजे शत्रूच्या तोफांना आयतं सावज. त्यामुळे लढणाऱ्या रणगाड्यांच्या बरोबरीनं सैन्यात काही वेगळ्या गाड्या असाव्या लागतात. रुतलेल्याला ओढून काढणाऱ्या, सुरुंग उडवून वाट मोकळी करणाऱ्या, खंदकावर पूल टाकणाऱ्या. गेली पंचवीसेक वर्षं मी याच गाड्यांची छोटी मॉडेल्स करतो आहे.

घरी येणारी मंडळी कपाटासमोर उभी राहतात आणि हमखास विचारतात, ‘याला तोफ कुठे आहे?’ तोफ नाही म्हटलं की त्यांचा थोडा विरस होतो. मला मात्र बिनतोफेच्या गाडीतच गंमत वाटते. लढाऊ रणगाड्याचं मॉडेल कसंही उभं केलं तरी शोभतं. ओढणाऱ्या गाडीचं तसं नाही. तिच्यावरचा प्रत्येक आकडा, प्रत्येक कप्पी, पहार, लाकडी ठोकळा कुठल्या तरी कामासाठी असतो. ते काम कळल्याशिवाय ती वस्तू कुठे आणि कशी बसवायची हेच कळत नाही.

आधी मापाचं सांगतो. या छंदात सर्वांत जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एकास पस्तीस. हा पस्तीसचा आकडा कुणी विचार करून काढला असेल असं वाटतं, पण तसं नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीनं जर्मनांच्या पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत बॅटरीचे दोन सेल बसले पाहिजेत, एवढ्याच हिशेबानं त्याचा आकार ठरवला होता. मॉडेल खपलं. पुढचे रणगाडेही त्याच मापात करायचं ठरलं, आणि मोजून पाहिलं तर प्रमाण साधारण एकास पस्तीस निघालं! तेव्हापासून जगभरचे लोक त्या सेलच्या मापानं रणगाडे करत आहेत. या प्रमाणात खरा एक मीटर म्हणजे मॉडेलवरचे साधारण २८.५ मिलिमीटर. सैनिक पाच सेंटिमीटर उंच होतो, टाचणीएवढ्या जागेत एक नटबोल्ट येतो.

आता या गाड्या जन्माला कशा आल्या ते पाहू. १९ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावर दिएप्प या गावी ब्रिटिश आणि कॅनडाच्या सैन्यानं हल्ला चढवला. त्यांचे चर्चिल रणगाडे किनाऱ्यावरच्या गोट्यांमध्ये अडकले, काहींचे पट्टे निघाले. जे भिंत ओलांडून पुढे गेले त्यांना गावात शिरणाऱ्या रस्त्यांवरच्या काँक्रीटच्या अडथळ्यांनी रोखलं. हे अडथळे सुरुंग लावून फोडायचं काम इंजिनिअर सैनिकांचं होतं. पण ते उघड्यावर होते आणि गोळ्यांच्या वर्षावात पुढे सरकूच शकले नाहीत. त्यातून एक साधा विचार पुढे आला: इंजिनिअरलाच रणगाड्यात बसवलं तर? चर्चिलमधली तोफगोळ्यांची मांडणी काढून स्फोटकांना आणि अवजारांना जागा केली. मूळ तोफेऐवजी २९० मिलिमीटरची आखूड, जाडजूड तोफ बसवली. तिचा गोळा सुमारे १८ किलोचा. जेमतेम सत्तर-ऐंशी मीटर लांब जाई, पण काँक्रीटला भगदाड पाडी. 

ही तोफ भरायची पद्धत मॉडेल करणाऱ्यानं नीट समजून घ्यावी. नळी मधून वर दुमडायची आणि खालच्या सैनिकानं झडपेतून हात बाहेर काढून गोळा आत सरकवायचा. म्हणजे तेवढा वेळ त्याचे दोन्ही हात चिलखताच्या बाहेर! म्हणूनच ती झडप बिजागरीची नाही, बाजूला सरकणारी आहे. बिजागरीची झडप उघडली असती तर नळीच्या आड आली असती.

अशा विचित्र गाड्यांची एक अख्खी डिव्हिजनच ब्रिटिशांनी उभी केली, ७९ वी आर्मर्ड डिव्हिजन. तिचे प्रमुख मेजर जनरल पर्सी होबार्ट यांना १९४० साली सक्तीनं निवृत्त केलं होतं आणि ते गावच्या होमगार्डमध्ये लान्स कॉर्पोरल म्हणून दाखल झाले होते. त्यांना परत बोलावलं गेलं. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीत त्यांच्या गाड्या उतरल्या. त्यातल्या एका प्रकारच्या शेरमनपुढे फिरता रूळ होता आणि रुळाला ४३ साखळ्या. रूळ फिरला की साखळ्या जमीन झोडपत आणि सुरुंग गाडीखाली येण्याआधीच फुटत. वेग ताशी जेमतेम दोन किलोमीटर. झोडपताना तोफेला इजा होऊ नये म्हणून वरचा घुमट मागे वळवत. मॉडेलसाठी बारीक साखळी मी खोट्या दागिन्यांच्या दुकानातून आणतो. काही साखळ्या मुद्दाम अर्ध्या तोडतो, कारण प्रत्येक सुरुंगागणिक त्यांचेही तुकडे उडत.

खंदक बुजवायला चर्चिलच्या पुढे काटक्यांची भलीमोठी मोळी बांधलेली असे, व्यास सुमारे अडीच मीटर. ही मोळी करायला खराट्याच्या हिरांसारखी वस्तू नाही. परदेशातून मागवलेलं सामानही त्यापुढे फिकं पडतं.

पण माझी सगळ्यांत आवडती गाडी म्हणजे किनाऱ्यावरची शेरमन. हिला तोफ नाही, घुमट नाही. घुमटाच्या जागी पोलादी पत्र्याची उंच पेटी, एखादी होडी रणगाड्यावर चढवून ठेवावी तशी. नऊ फूट खोल पाण्यातही ती चालत असे. अशा सुमारे साठ गाड्या तयार झाल्या. काम एकच. पाण्यात बंद पडलेली गाडी ओढून काढायची, आणि वाळूवर अडकलेल्या होडीला ढकलून पुन्हा पाण्यात लोटायचं. होडीचा पत्रा फाटू नये म्हणून पुढे लाकडी ठोकळा. आता विचार करा, बुडालेल्या ट्रकच्या हुकात दोर कोण अडकवणार? त्यासाठी चालकपथकात एक पाणबुड्या असे. डोक्यावर गोळीबार चाललेला असताना, गढूळ खाऱ्या पाण्यात चाचपडत दोर लावणारा हा माणूस कुठल्याही युद्धपटात मी अजून पाहिलेला नाही.

त्या दिवशी भरती नेहमीपेक्षा जास्त चढली आणि काही किनाऱ्यांवर उतरायला वाळूची चिंचोळी पट्टीच उरली. मागून होड्या येतच होत्या. अशा वेळी बंद पडलेला एकेक ट्रक बाजूला होणं म्हणजे मागच्या शेकडो माणसांना पुढे सरकायला वाट मिळणं. हे मॉडेल मी नेहमीच्या शेरमनच्या किटवर प्लॅस्टिकचे पातळ पत्रे कापून केलं. पाण्याची रेघ मोजून काढली. नऊ फूट म्हणजे या मापात ७८ मिलिमीटर. तिथपर्यंत ओला, काळपट रंग आणि वर सुकलेल्या मिठाचा पांढुरका थर.

आता दोराकडे वळू, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकारात खरं शास्त्र दोराचं आहे. रुतलेला रणगाडा ओढायला किती जोर लागतो याचा सैन्यात एक ठोकताळा आहे. चाकांपर्यंत रुतला असेल तर त्याच्या वजनाइतका, मडगार्डपर्यंत रुतला तर दुप्पट, घुमटापर्यंत गेला तर तिप्पट. जर्मनांचा पँथर ४५ टनांचा. तो मडगार्डपर्यंत रुतला म्हणजे ९० टनांची ओढ हवी. याच पँथरच्या सांगाड्यावर त्यांनी १९४३ साली ओढणारी गाडी केली. त्याआधी एकेक टायगर हलवायला अठरा टनी ट्रॅक्टर दोन-दोन, तीन-तीन जुंपावे लागत. या नव्या गाडीचा विंच ४० टनांचा. मग ९० टन आणायचे कुठून?

इथं कप्पी कामाला येते. विहिरीवरची कप्पी फक्त दिशा बदलते, जोर वाढवत नाही, कारण ती एका जागी टांगलेली असते. तीच कप्पी ओढायच्या वस्तूला बांधली आणि दोर तिच्यातून फिरवून परत आणला, तर वजन दोराच्या दोन पदरांवर वाटलं जातं. एक कप्पी रुतलेल्या रणगाड्याला, दुसरी ओढणाऱ्या गाडीला आणि दोराचं टोक पुन्हा रुतलेल्याला बांधलं की तीन पदर झाले. ४० टनांचे १२० झाले. थोडा जोर घर्षणात गेला तरी ९० सहज मिळतात. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. विंचनं तीस मीटर दोर गुंडाळला की रणगाडा दहा मीटर सरकतो. शिवाय ही सगळी ओढ ओढणाऱ्या गाडीलाही बसते आणि ती स्वतःच घसरत चिखलाकडे जायला लागते. म्हणून तिच्या मागे नांगराच्या फाळासारखं मोठं पोलादी पातं असतं. ओढ बसली की ते जमिनीत खोल रुततं आणि गाडी जागची हलत नाही.

प्रदर्शनांमध्ये मी जे देखावे पाहतो त्यात निम्मे वेळा दोर नुसता सैल टाकलेला असतो आणि फाळ अधांतरी! रंगकाम सुरेख, पण ही गाडी काहीच ओढत नाहीये. तीन पदर दाखवायचे तर तिन्ही ताठ हवेत. फाळ मातीत हवा आणि रुतलेल्या रणगाड्याच्या बाजूला मातीचा ढीग साचलेला हवा. मी दोर करतो तो मोटर रिवाइंडिंगवाल्याकडच्या तांब्याच्या तारेचा. पाव मिलिमीटरच्या सात तारा घ्यायच्या, गॅसवर लाल होईपर्यंत तापवून मऊ करायच्या, एक मधे आणि सहा भोवती ठेवून हातड्रिलनं पीळ द्यायचा. पाऊण मिलिमीटरचा दोर होतो, म्हणजे खरा एक इंची पोलादी दोर. दोन्ही टोकं पकडीत धरून किंचित ओढला की ताठ राहतो.

आणि एक गोष्ट. ताणलेल्या दोराजवळ सैनिक उभे करू नका. पोलादी दोर तुटला तर चाबकासारखा उलटा येतो आणि माणूस कापून काढतो. निदान दोराच्या लांबीइतकं दूर राहायचं, असा या कामातला दंडक आहे. दोराला हात लावून उभा असलेला सैनिक फोटोत छान दिसतो, पण खऱ्या पथकातल्या हवालदारानं त्याला तिथं क्षणभर उभं राहू दिलं नसतं.

काही गाड्यांवर तोफ दिसते ती खोटी असते. अमेरिकनांनी जुन्या ली रणगाड्यावर केलेल्या ओढणाऱ्या गाडीला बाजूला खोटी तोफ होती, आणि ती चक्क दारावर बसवलेली. दार उघडलं की तोफही बाजूला! दुरून लढाऊ रणगाडा वाटावा एवढाच हेतू. 

परदेशी गाड्यांचं एवढं सांगितलं, पण खऱ्या गाड्यांचा आकार डोळ्यांत भरवून घ्यायला लांब जायची गरज नाही. १९९४ साली सुरू झालेल्या अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या रणगाडा संग्रहालयात चर्चिल उभा आहे. त्याच्या पट्ट्याची एक कडी पाहिली तरी या कामाचा अंदाज येतो. इंजिनिअर सैनिकांची परंपरा तर आपल्या खडकीतच आहे. बॉम्बे सॅपर्सबरोबर असलेल्या प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१ च्या सुरुवातीला ॲबिसिनियाच्या मोहिमेत चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरचे १५ सुरुंगपट्टे साफ केले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. पुण्यात दिघीला असलेल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं ‘सर्वत्र’ हा ट्रकवरून टाकायचा पूल तयार केला, पाच गाळ्यांचा, ७५ मीटरचा. त्याचं किट माझ्या पाहण्यात नाही. करायचं तर प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातले फोटो समोर ठेवून पहिल्या पत्र्यापासून सुरुवात करावी लागेल.

सध्या माझ्या टेबलावर आहे ते मात्र साधंच दिसणारं काम. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे, बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट, एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणारी वाट मोकळी करत होते. सुरुंग, कापून टाकलेली झाडं, वरून मशीनगनचा मारा, आणि ते स्वतः जखमी. सुरुंग झोडपणारी गाडी त्यांच्याकडे नव्हती. हकिकत सांगितली जाते ती अशी की ते पुढच्या स्टुअर्ट रणगाड्याच्या पोटाखाली शिरले, रणगाड्याबरोबर सरपटत राहिले आणि दोर ओढून चालकाला थांब-चल असा इशारा देत वाटेतले सुरुंग काढत गेले. त्यांना परमवीर चक्र मिळालं.

स्टुअर्टचं पोट जमिनीपासून ४२ सेंटिमीटर वर. माझ्या मापात १२ मिलिमीटर. कोपरांवर रेललेला, मान वर करून पुढे पाहणारा सैनिक मी एम-सीलमध्ये घडवला आणि खाली सरकवून पाहिला. तो मावत नाही. डोकं पोटाच्या पत्र्याला लागतं, दोन्ही बाजूंना पट्टे अगदी हाताशी. आता त्याला पुन्हा घडवतो आहे, पालथा, गाल जवळजवळ मातीला लावलेला, एक हात पुढे. मातीही वस्त्रगाळ करून ठेवली आहे. इशाऱ्याच्या दोरांना तारेचा पीळ लागणार नाही. एकेक सुटी तार पुरेल.