विश्लेषण : पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळीच! रॅम बिघडल्यावर संगणक सुरू का होत नाही?

आठवडाभर मधूनच निळी स्क्रीन येत होती, संगणक आपोआप रीस्टार्ट होत होता. कुणीतरी सल्ला दिला म्हणून नवी रॅम आणून बसवली, किंवा जुनीच काढून पुसून परत लावली. त्यानंतर बटण दाबले तर पंखा फिरतो, दिवाही लागतो, पण स्क्रीनवर एक अक्षर उमटत नाही. असा डेस्कटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘मदरबोर्ड गेला’ किंवा ‘फॉरमॅट मारावे लागेल’. पहिले वाक्य कधी कधी खरे असते. दुसऱ्याचा या दुखण्याशी संबंध नसतो, पण त्यापायी दुकानाची बिले, टॅलीचा हिशेब आणि घरातले दहा वर्षांचे फोटो कायमचे जाऊ शकतात.

रॅम अडली तर स्क्रीनवर काहीच का दिसत नाही?

हार्ड डिस्क किंवा एसएसडी हे घरातले फडताळ मानले, तर रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. सामान फडताळात असते, पण चिरणे, मळणे, भाजणे ओट्यावरच होते. प्रोसेसरला विंडोज, ब्राउझर किंवा एखादी फाइल वापरायची असेल, तर ती आधी रॅममध्ये आणावी लागते.

बटण दाबल्यावर मदरबोर्डवरच्या छोट्या चिपमधला बायोस सर्वप्रथम जागा होतो आणि एकेका भागाची हजेरी घेतो. या तपासणीला ‘पोस्ट’ म्हणतात. त्यात रॅमचा क्रमांक अगदी सुरुवातीला लागतो आणि स्क्रीनवर चित्र उमटवण्याचे काम त्यानंतर येते. त्यामुळे रॅम सापडली नाही की तपासणी तिथेच थांबते. ‘रॅममध्ये बिघाड आहे’ अशी सूचना लिहायलाही संगणकाकडे स्क्रीन नसते. पंखा मात्र थेट वीजपुरवठ्यावर फिरत राहतो. म्हणूनच ‘सगळे चालू आहे, फक्त डिस्प्ले नाही’ असे वाटते आणि मॉनिटरवर संशय जातो.

विंडोज खराब झाले असेल, तर निदान कंपनीचा लोगो तरी दिसतो. लोगोही दिसत नसेल, तर संगणक विंडोजपर्यंत पोहोचलेलाच नाही. अशा वेळी फॉरमॅट करून काहीही साधत नाही.

मग डेटा गेला का?

नाही. रॅममधला प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधल्या विद्युतभाराच्या रूपात असतो. तो सतत गळत असल्याने साधारण ६४ मिलिसेकंदांत एकदा पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की रॅम रिकामी होते, म्हणजे तिथे कायमचे काही नसतेच. फाइल्स डिस्कवर असतात आणि रॅम काढल्याने किंवा बदलल्याने त्यांना धक्का लागत नाही. बंद पडण्याच्या क्षणी जे उघडे होते आणि सेव्ह केले नव्हते, तेवढेच जाते.

संगणक दोष सांगतो कसा?

स्क्रीन नसताना त्याच्याकडे आवाज आणि दिवे ही दोनच साधने उरतात. जुन्या मदरबोर्डला छोटा स्पीकर असे. सगळे ठीक असेल तर अनेक संगणक एकदाच छोटी बीप देत. एएमआय बायोसच्या संकेतांत तीन छोट्या बीप मेमरीचा दोष सांगतात, तर अवॉर्ड बायोसवर थांबून थांबून येणारी लांब बीप बहुधा रॅमकडेच बोट दाखवते. हे संकेत कंपनीनुसार बदलतात, त्यामुळे मॉडेलचे मॅन्युअल पाहणे उत्तम.

अलीकडच्या अनेक बोर्डांवर स्पीकर नसतो. त्याऐवजी एका कोपऱ्यात चार बारीक एलईडी असतात आणि शेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे छापलेले असते. सुरू होताना ते एकेक करून लागतात आणि विझतात. ‘डीरॅम’चा दिवा लागून तसाच राहिला तर तपासणी रॅमवर अडली आहे. कॅबिनेटचे झाकण न उघडल्यामुळे हा दिवा बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो.

नवी रॅम बसवल्यावरच स्क्रीन काळी झाली तर?

अशा वेळी घाई सर्वात महागात पडते. डीडीआर५ रॅम इतक्या वेगाने चालते, की सिग्नल नेमका कोणत्या क्षणी वाचायचा हे बोर्डाला प्रत्येक पट्टीसाठी आजमावून ठरवावे लागते. याला ‘मेमरी ट्रेनिंग’ म्हणतात. नवी रॅम लावल्यावर किंवा बायोस रीसेट केल्यावर पहिल्यांदा हे काम काही मिनिटे चालू शकते. एएमडीच्या एएम५ बोर्डांवर हा अनुभव विशेष येतो. तोवर स्क्रीन काळीच असते, कधी संगणक आपणहून बंद होऊन पुन्हा सुरूही होतो. वापरणारा घाबरून बटण दाबून ठेवतो, ट्रेनिंग अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी ते पहिल्यापासून सुरू होते. दहा-पंधरा मिनिटे त्याला हात न लावणे हाच पहिला उपाय.

दुसरी शक्यता चुकीच्या रॅमची. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या ठिकाणी असतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असल्या तरी एकीच्या जागी दुसरी बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नये. पिढी तीच पण कंपनी आणि वेग वेगळा, अशा दोन पट्ट्या एकत्र लावल्यावरही गोंधळ होतो. डीडीआर५च्या चार पट्ट्या भरल्या तर तो आणखी वाढतो.

घरी काय करून पाहता येते?

आधी मॉनिटरची केबल. ग्राफिक्स कार्ड असेल तर ती त्या कार्डालाच जोडलेली हवी. हे क्षुल्लक वाटते, पण साफसफाईनंतर केबल चुकीच्या जागी लागणे नेहमीचेच आहे.

मग संगणक बंद करून वीजपुरवठ्याची केबल भिंतीतून काढावी आणि पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत आणि नायलॉनच्या कपड्यांत ही काळजी जास्त घ्यावी. रॅम हातात धरताना कडेने धरावी, सोनेरी पिनांना बोट लावू नये.

सर्व पट्ट्या काढून पाहाव्यात. अनेकदा दोष एवढाच असतो, की पट्टी एका बाजूने पूर्ण बसलेली नसते. बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा, लॉक ‘टक्’ असा बसला पाहिजे. काही बोर्डांवर एकाच टोकाला लॉक असते. तिथे दुसरे टोक अर्धवट राहण्याची शक्यता अधिक.

यानंतरची पायरी सर्वात उपयोगी आहे. एकच पट्टी एकाच खाचेत लावून सुरू करून पाहायचे. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर एकट्या पट्टीसाठी प्रोसेसरपासून मोजलेली दुसरी खाच सांगितलेली असते. सुरू झाले नाही तर त्याच खाचेत दुसरी पट्टी लावायची. एक पट्टी चालते आणि दुसरी त्याच जागी चालत नाही, तर दोष पट्टीत. दोन्ही पट्ट्या एका खाचेत चालतात आणि दुसरीत नाही, तर दोष खाचेत. दुरुस्तीवालाही बहुधा याच पद्धतीने दोष शोधतो, फक्त त्याच्याकडे तपासून ठेवलेली एक चांगली पट्टी जास्तीची असते. प्रत्येक अदलाबदलीपूर्वी वीज बंद हवी, हे वेगळे सांगायला नको.

पिना काळपट दिसत असतील तर खोडरबर फिरवण्याचा दुकानातला जुना उपाय चालतो, विशेषतः कोकणपट्टीत पावसाळ्यानंतर. मात्र रबर मऊ आणि पांढरा हवा, हात हलका हवा. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, घासून निघाला की खालचा धातू गंजतो. रबराचा भुगा झटकून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावे. पॉलिश पेपर, पेट्रोल, ओले फडके यांना थारा नको. खाचेत तोंडाने फुंकर मारणेही टाळावे, त्यातून ओलावा जातो.

एवढ्याने भागले नाही तर बायोस रीसेट करावा लागतो. वीज काढून मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवला, की बहुतेक बोर्डांवर सेटिंग मूळ स्थितीत येते. रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सेटिंग चालू केल्यापासून संगणक अडला असेल, तर याचा गुण हमखास येतो. पण इथे एक सापळा आहे. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने विंडोज बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन केल्यास अनेक संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बायोस रीसेटनंतर अशी यंत्रणा बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. सेल काढण्याआधी मोबाइलवरून लॉग इन करून ती लिहून ठेवली, तर पुढचा घाम वाचतो.

संगणक सुरू झाला, म्हणजे सुटलो?

इतक्यात नाही. सदोष रॅम डिस्कवरच्या फाइल्स आपणहून पुसत नाही, पण तिच्यातून जे जाते ते बिघडू शकते. फाइल सेव्ह करताना, कॉपी करताना किंवा विंडोजचे अपडेट चालू असताना एखादा बिट उलटला, तर चुकीचीच नोंद डिस्कवर पोहोचते आणि ती महिनोन् महिने कळत नाही. त्यामुळे धडपडत सुरू झालेल्या संगणकावर लगेच बॅकअप घेणे हेही जोखमीचे. आधी रॅम तपासावी.

विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक ही सोय आहे, मात्र ती वरवरची आहे. पेन ड्राइव्हवरून चालणारे मेमटेस्ट८६ अधिक कसून तपासते. त्याच्या सर्व फेऱ्या पूर्ण व्हायला काही तास लागतात, म्हणून ते रात्री लावून ठेवणे सोयीचे. निकालात ‘थोड्या चुका’ असा प्रकार नसतो. मूळ वेगावर एकही चूक दिसली तर ती पट्टी बाजूला ठेवावी. गुगलच्या सर्व्हरवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दरवर्षी ८ टक्क्यांहून अधिक रॅम पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या होत्या आणि एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यता खूपच जास्त होती. सर्व्हरच्या रॅममध्ये अशा चुका दुरुस्त करणारी यंत्रणा असते, घरगुती डेस्कटॉपमध्ये ती सहसा नसते.

रॅम चांगली आहे, तरी सुरू होत नसेल तर?

मग संशय वीजपुरवठ्यावर, मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरच्या सॉकेटवर जातो. सॉकेटमधली एखादी पिन वाकली किंवा कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला, तरी रॅमची एक वाट बंद पडते आणि दोष रॅमचाच भासतो. सर्व पट्ट्या काढून संगणक सुरू केल्यावर बीप आली किंवा डीरॅमचा दिवा लागला, तर बोर्ड निदान शुद्धीवर आहे. तेही झाले नाही तर तंत्रज्ञाकडे जाणेच योग्य. कॅबिनेट देण्यापूर्वी डिस्क काढून घरी ठेवता येते, रॅम आणि बोर्डाच्या तपासणीला ती लागत नाही.

पट्टी फेकण्याची घाई आता का नको?

२०२५च्या उत्तरार्धापासून रॅमच्या किमती जगभर झपाट्याने वाढल्या. एआय डेटा सेंटरची मागणी प्रचंड आहे आणि सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती बहुतेक उत्पादन आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. अशा काळात एकच पट्टी सदोष निघाली, तर उरलेल्या पट्टीवर संगणक चालवता येतो. वेग कमी होतो, पण बिले निघतात आणि अर्जही भरले जातात.

सदोष पट्टीही लगेच भंगारात टाकू नये. अनेक नामांकित ब्रँड रॅमवर दीर्घ मुदतीची, काही तर मर्यादित आजीवन वॉरंटी देतात. त्यासाठी पट्टीवरचे स्टिकर शाबूत असावे लागते आणि बहुतेक वेळा खरेदीचे बिलही लागते. दोन पट्ट्या एकाच पाकिटात आल्या असतील, तर बदलून घेताना काही कंपन्या दोन्ही पट्ट्या परत मागतात. तेवढे दिवस संगणक बंद राहणार, हे धरून चालावे.