उंची आणि उपाय

नगरच्या मैदानावर बास्केटबॉल खेळताना मला एकच खंत असे : माझी उंची. सर मला कायम राखीव बाकावर बसवीत. म्हणून अमेरिकेतील प्रशिक्षक जॉन वूडन यांच्याविषयी वाचले, तेव्हा मोठा धीर आला.

१९४८ साली ते लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात आले. पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले ते १९६४ मध्ये! सुरुवातीच्या पाच खेळाडूंत साडेसहा फुटांचा एकही नव्हता. म्हणून त्यांनी मैदानभर दबाव टाकणारा बचाव बसविला. उंचीची उणीव वेगाने भरून काढली. पुढे सात फुटांहून उंच ल्यू अल्सिंडर (नंतरचे करीम अब्दुल-जब्बार) संघात आले. तेव्हा त्यांनी मांडणीच बदलली आणि चेंडू बास्केटजवळ त्यांच्या हाती पोचविला. १९७५ पर्यंत अजिंक्यपदे झाली १०.

मुळाक्षरे मात्र त्यांनी बदलली नाहीत. पायमोजे सुरकुती न पडता कसे घालावेत, इथूनच त्यांचा पहिला पाठ सुरू होई. हाती आलेल्या विद्यार्थ्यांप्रमाणे डाव बदलावा, शिस्त बदलू नये, हेच त्यांच्या यशाचे मर्म.

यंदा आमच्या सरांनीही उंच मुलांची वाट पाहिली नाही. आम्हा बुटक्यांनाच मैदानभर पळविले. सामना आम्ही चार गुणांनी हरलो. पण वाचकहो, त्या दिवशी मी बाकावर नव्हतो!