दहा सेंटिमीटर काचेतली दोन हजार फुलं

रंगीत काचेचा एक लहानसा ओंडका डोळ्यांपुढे आणा. व्यास ८ सेंटिमीटर, लांबी १० सेंटिमीटर. कुठेही आडवा कापला तरी छेदात एकच फूल दिसतं : पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळा ठिपका. हा ओंडका पाकासारखा चिवट होईपर्यंत भट्टीत तापवतात, दोन्ही टोकांना लोखंडी दांड्या चिकटवतात आणि त्या धरून दोन माणसं एकमेकांपासून दूर चालू लागतात. मधली काच बारीक होत लांबत जाते. ती पेन्सिलीइतकी, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीची झाली, की व्यास एक दशांशावर आलेला असतो आणि छेदाचं क्षेत्रफळ एक शतांशावर. काच मात्र तेवढीच, म्हणून लांबी शंभरपट : १० सेंटिमीटरची १० मीटर. अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे पाडले तर दोन हजार फुलं. आणखी ओढून जाडी ४ मिलिमीटरवर आणली, तर कांडी ४० मीटर आणि फुलं आठ हजार.

यात एकही पाकळी जागची हलत नाही. तापलेली काच इतकी दाट असते की शेजारचे रंग एकमेकांत मिसळत नाहीत. नक्षी आक्रसते, पण विस्कटत नाही. मग कारागीर पुढची पायरी चढतो. अशा ३७ कांड्या षट्कोनी जुडीत बांधून, पुन्हा तापवून, पुन्हा पेन्सिलीइतक्या बारीक ओढतो. आता प्रत्येक छेदात ३७ फुलं, आणि एकेक फूल जेमतेम मिलिमीटरभर. व्हेनिसच्या जाकोमो फ्रँकिनीने एकोणिसाव्या शतकात याच वाटेने इटलीचे नेते गॅरिबाल्डी आणि कावूर यांचे चेहरे काही मिलिमीटरच्या छेदात उतरवले, नाकडोळ्यांसकट.

या कांड्यांना मिलेफिओरी म्हणतात. तंत्र रोमन काळातलं, पण त्याचं सर्वांत देखणं रूप मला दिसतं ते फ्रान्सच्या पेपरवेटमध्ये. १८४५ साली व्हिएन्नाच्या औद्योगिक प्रदर्शनात व्हेनिसच्या पिएत्रो बिगाल्याने असे गोळे मांडले. त्याच सुमारास बाकारा, सँ-लुई आणि क्लिशी या फ्रेंच कारखान्यांनी ते काम हाती घेतलं. ऐन बहराचा काळ किती? १८४५ ते १८६०, फक्त पंधरा वर्षं. पत्रलेखनाची हौस वाढत होती, आणि हे गोळे दौत-कागदाच्या दुकानात इतर सामानाबरोबर विकले जात. आज संग्राहक ज्यांच्यासाठी जग पालथं घालतात, ते जुने गोळे मुख्यतः याच पंधरा वर्षांतले.

गोळा साधारण ७ ते ८ सेंटिमीटर रुंद. त्यात शंभर-दीडशे तुकडे एकेक करून चिमट्याने रचायचे, तापवायचे, वितळलेल्या काचेच्या गोळीवर उचलून घ्यायचे आणि वर पारदर्शक काचेचा घुमट चढवायचा. दीडशे तुकड्यांपैकी प्रत्येकात ३७ फुलं धरली, तर तळहातावर साडेपाच हजारांहून अधिक फुलं. घुमटही नुसतं झाकण नसतो. तो भिंगाचं काम करतो आणि तळाशी मांडलेली नक्षी साधारण दीडपट मोठी दिसते, म्हणजे क्षेत्रफळाने सव्वादोनपट.

खरी परीक्षा थंड होताना असते. साडेचारशे अंश उतरेपर्यंत १० सेंटिमीटर काच सुमारे ०.४ मिलिमीटर आक्रसते. आतल्या प्रत्येक रंगाने बाहेरच्या पारदर्शक काचेइतकंच आक्रसलं पाहिजे. रंगासाठी मात्र निरनिराळी रसायनं घातलेली असतात, आणि त्यांतल्या एखाद्याने आक्रसण्याचं प्रमाण थोडंसं बदललं तरी आत ताण साठतो. गोळा तडकतो, कधी लगेच, कधी काही दिवसांनी. त्या काळी हे मोजायला आजची उपकरणं नव्हती. कारखान्यांच्या मिश्रणांचं आणि अनुभवी हातांचं मोल इथे कळतं.

बाकाराच्या कांड्यांत प्राण्यांच्या छायाकृतीही सापडतात : कोंबडा, हत्ती, माकड, हरीण. कारखान्याचे प्रमुख जाँ-बाप्तिस्त तुसाँ यांनी १८४६ साली आपल्या नऊ वर्षांच्या भाच्याने, एमिल ग्रिदेलने, कागदातून कापलेले प्राणी पाहिले आणि त्यांच्या कांड्या करवून घेतल्या. संग्राहक या १८ आकृत्या नावानिशी ओळखतात. मुलाच्या कात्रीची वळणं पावणेदोनशे वर्षं जशीच्या तशी काचेत आहेत, याचं मला अपार कौतुक वाटतं.

कांडी हजारो एकसारखी फुलं देते, तरी दोन गोळे हुबेहूब सारखे का निघत नाहीत? याचं उत्तर मांडणीत आहे. समजा, १९ जागांवर १९ निरनिराळी फुलं ठेवायची आहेत : मध्ये एक, भोवती सहा, त्याबाहेर बारा. गोळा फिरवून सारख्या दिसणाऱ्या मांडण्या एकच धरल्या, तरी सुमारे २० हजार लाख कोटी प्रकार उरतात. दर सेकंदाला एक गोळा बनवला तर सगळे संपायला ६४ कोटी वर्षं लागतील. आणि ही फक्त १९ फुलांची गोष्ट. बाकाराच्या दाट भरलेल्या गोळ्यात शंभराहून अधिक.

संग्राहकाचं वेड इथून सुरू होतं. तो भिंग घेऊन बसतो : कुठे साल दाखवणारी कांडी, कुठे क्लिशीचा गुलाब, कुठे ग्रिदेलचा कोंबडा. फ्रेंच लेखिका कोलेत हिने आपल्या संग्रहातला एक गोळा तरुण अमेरिकन लेखक ट्रूमन कपोटीला दिला आणि तोही आयुष्यभर संग्राहक झाला. इजिप्तचा राजा फारूक याचा संग्रह १९५४ साली कैरोमध्ये लिलावात निघाला. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटकडे आर्थर रुब्लॉफ यांनी दिलेले हजाराहून अधिक गोळे आहेत. १९९० साली न्यूयॉर्कमध्ये क्लिशीचा टोपलीच्या आकाराचा एक गोळा २ लाख ५८ हजार ५०० डॉलरला गेला. किंमत थक्क करणारी खरी, पण माझ्या लेखी ती या सगळ्यात सर्वांत लहान संख्या आहे.

१८६० नंतर मागणी ओसरली आणि ही कला जवळजवळ थांबली. बाकारा गावातलं चर्च दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालं. १९५१ साली त्याच्या पायाच्या दगडात एक पेपरवेट सापडलं : साल १८५३, आत दोनशेहून अधिक कांड्या, कारागीर मार्टिन कायसर. पाठोपाठ १९५३ साली पॉल जोकेल्सन यांनी संग्राहकांची संघटना उभी केली आणि कारखान्यांकडे आग्रह धरला. त्याच दशकात बाकारा आणि सँ-लुई दोन्हीकडे ही पेपरवेट पुन्हा घडू लागली.