उजव्या पायाचा संयम

क्लच नाही, गिअर बदलण्याची खटपट नाही. मग स्वयंचलित गिअरच्या मोटारीत शिकण्याजोगे उरले तरी काय, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. डाव्या पायाचे काम संपले की सारी जबाबदारी एकट्या उजव्या पायावर येऊन पडते.

अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९३९ साली ओल्ड्समोबिल मोटारीसाठी ‘हायड्रामॅटिक’ यंत्रणा आणली. तीत एंजिन व गिअर यांमधील दुवा तेलाचा होता. पुढे त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर रूढ झाला. या दुव्यामुळे ‘डी’ खुणेवर ब्रेक सैल करताच, अॅक्सिलरेटर न दाबताही, मोटार हळूहळू सरकू लागते. गर्दीत किंवा मोटार आवारात लावताना या सरकण्यावरच भिस्त ठेवावी. पाय ब्रेकवर असावा.

अॅक्सिलरेटरच्या दाबावरून यंत्रणा चालकाचे मनोगत ओळखते. दाब हलका असेल तर वरचा गिअर लवकर पडतो, एंजिन शांत राहते व इंधन वाचते. पाय एकदम तळाशी नेला तर यंत्रणा खालचा गिअर घेते व एंजिन गर्जू लागते. पुढील वाहन ओलांडताना या जोराचा उपयोग होतो. मात्र तो क्षणभर उशिरा मिळतो, हे ध्यानी धरावे.

बेळगावहून गोव्यास जाताना चोर्ला घाटात चढावर वाहने खोळंबली, तर मोटार अॅक्सिलरेटरच्या जोरावर तोलून धरू नये. तेणेकरून टॉर्क कन्व्हर्टरचे तेल तापते. भारतात २०१४ पासून लोकप्रिय झालेल्या ‘एएमटी’ मोटारींत तर क्लच असतोच, फक्त तो यंत्र चालविते. तेथे क्लचच झिजतो. चढावर थांबावयाचे ते ब्रेकनेच. उतारावर खालचा गिअर निवडावा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत.

सर्वांत घातक चूक निराळीच आहे. पाय ब्रेकवर आहे या समजुतीने चालक अॅक्सिलरेटर दाबतो. मोटार उसळते, आणि घाबरून तो तोच पाय अधिक जोराने रेटतो. यासाठी दोन्ही पट्ट्यांवर एकच, उजवा पाय चालवावा. ‘पी’वरून दांडी हलविण्यापूर्वी ब्रेक दाबल्याची खात्री करावी. मोटार अनपेक्षित उसळलीच, तर प्रथम पाय पूर्ण उचलावा व मगच ब्रेक शोधावा. आवारात खेळणाऱ्या मुलाचे प्राण त्या एका उचललेल्या पावलावर अवलंबून असतात.